चार कड्या मुरेकशाकडे

१

वामनराव निमगडे आणि लोकेश यांचं भांडण अँटेनावरून झालं. भांडण कसलं, दोन आडमुठी माणसं एटापल्लीच्या टपरीवर बसून एकमेकांना हातवारे करून शिकवत होती, आणि चहा गार होत होता. टपरीवाल्याला वाटलं, शेताच्या धुऱ्याचा, बांधाचा वाद आहे.

मुद्दा साधा होता. तोडेमेट्टाच्या टेकडीवर हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचा रिपीटर होता. रिपीटर म्हणजे एक डबा. खाली जंगलात कोणी हातातल्या इवल्याशा सेटवर बोललं की तो डबा ते ऐकतो आणि तेच, त्याच क्षणी, मोठ्यानं सगळ्या मुलखाला सांगतो. स्वतःच्या मनाचं काही बोलत नाही. दोघं एकदम बोलले तर गोंधळही करत नाही. ज्याचा आवाज दांडगा तेवढाच पुढं जातो, दुसरा जणू बोललाच नाही. वामनराव हे सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत. चंद्रपूरच्या वीज केंद्रात त्यांचा जन्म मीटर आणि वायरी जुळवण्यात गेला होता, आणि निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसत नव्हते.

रिपीटरवरची जुनी अँटेना एकाच उभ्या दांडीची होती आणि वादळात मोडली होती. नवी आली ती चार लांबट कड्यांची, एका खांबावर एकीखाली एक लावायची. चार कड्या चार दिशांना फिरवल्या तर टेकडी चहूकडचं सारखंच ऐकणार, पण बेताचं. चारही एकीकडे फिरवल्या तर त्या बाजूचं कुजबुजलेलंसुद्धा ऐकणार, आणि पाठीमागं मात्र ठार बहिरी.

लोकेश आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचा. त्याचं म्हणणं चार दिशांना लावा. वामनरावांचं म्हणणं, चारही मुरेकशाकडे. कारण मुरेकशाच्या उपकेंद्रात त्यांची एकुलती एक रश्मी नर्स होती. तिच्यापायी तर ते नि कमलाबाई चंद्रपूरचं घर सोडून एटापल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिले होते. पाऊस लागला की मुरेकशाचा रस्ता नदीखाली जायचा आणि मोबाईलचा टॉवर पहिल्या विजेलाच मान टाकायचा. मागच्या पावसाळ्यात पोरीचा आवाज कितीतरी दिवस आला नव्हता, तेव्हा कमलाबाईंनी अन्न सोडलं होतं. म्हणून बापलेकींनी मिळून रेडिओची परीक्षा दिली, परवाना काढला.

"भाऊ," लोकेश म्हणाला, "पुरात कोन कोनीकडून हाक मारन, हे आपल्याले आधी माहीत रायते का?"

"माझी पोरगी एका जागी बसून आहे. मले तिचीच हाक पाह्यजे," वामनराव म्हणाले.

क्लबात सगळ्यात मोठे तेच होते. त्यांच्यापुढं कोण बोलणार?

२

टेकडीच्या पायथ्याच्या पत्रू मडावीला घेऊन वामनराव वर चढले. बॅटरीची खोली पत्रूच सांभाळायचा. पाना हातात घेऊन वामनरावांनी एकेक कडी स्वतः फिरवली, मुरेकशाच्या झाडीवर नेम धरून. पाठीमागं, मावळतीकडं, टेकडीचा उतार, त्याखाली नाला आणि मग एटापल्लीचा रस्ता. घरच्या सेटला पाठ असली तरी चालत होती, तो भरपूर ताकदीचा होता. हातातल्या सेटचं तसं नव्हतं. पण त्या उतारावर गाव नाही, वस्ती नाही. तिथून बोलणार कोण?

रोज दिवेलागणीला हजेरी व्हायची. वामनराव घरच्या सेटवर बसायचे, नावं घ्यायचे, ज्यानं त्यानं ओ द्यायची. पत्रू "जय सेवा" म्हणायचा, लोकेश शाळेतल्या पोरांची तक्रार सांगायचा. रश्मी मुद्दाम आपल्या नावाला गप्प राहायची. मग वामनराव शेवटी विचारायचे, "अजून कोणी राह्यलं का?" आणि तेव्हा ती म्हणायची, "मी राह्यली न, बाबा. जय भीम." रोजचीच गंमत, पण कमलाबाई रोज हसायच्या.

उपकेंद्राच्या ओसरीत एका खांबापाशीच तिचा सेट चांगला लागायचा. एक पाऊल इकडंतिकडं झालं की खरखर. म्हणून वामनरावांचं एक पालुपद ठरून गेलं होतं, "हालू नको, तिथीच थांब. आवाज मस्त येऊन राह्यला." हँडसेटवाल्याला हेच सांगावं लागतं.

नव्या अँटेनानं तर कमालच केली. पोरगी शेजारच्या खोलीत बसून बोलते आहे असं वाटावं! तिच्या मागच्या शेळ्या ऐकू येत, कोणाचं तरी रडकं मूल, वाऱ्यानं वाजणारी छपराची टिनं. वामनरावांनी लोकेशला दोनदा डिवचून घेतलं.

मग एका संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की मागं काहीच नाही. नुसता तिचा आवाज. स्वच्छ, कोरडा, जसा बंद कपाटातून यावा तसा. ती म्हणाली, "जेवले का बाबा?" नेहमी म्हणायची तेच. शेळ्या बांधल्या असतील, वारा पडला असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि सेट बंद केला. पण बंद केल्यावर हात थोडा वेळ बटनावरच राहिला.

३

महिन्याच्या बैठकीला रश्मी तालुक्याला आली, आणि रात्रीपुरती घरी. कमलाबाईंनी भात, वांग्याची भाजी, जवसाची चटणी असा बेत केला. पोरगी वाळली होती, उन्हानं रापली होती, पण बोलणं तसंच टकळी लावल्यासारखं. गावात बुधरी नावाची पहिलटकरीण आहे, दिवस भरत आले आहेत, पूर यायच्या आत तिला इकडं आणावं असं डोक्यात आहे, असं तिनं सांगितलं.

जेवताजेवता म्हणाली, "मंगळवारी हजेरीले नाई आली, रागावले नाई न? आभाळ होतं, सोलरवर सेट चार्जच नाई झाला."

वामनरावांचा घास हातातच राहिला. मंगळवारी ते तिच्याशी बोलले होते. चांगलं बोलले होते.

"आली होती न तू. जेवले का म्हनून इचारलं."

"मी? सपनात बोलले असान, बाबा." ती हसली. मग भाताचा गोळा करताकरता म्हणाली, "आन तुमी बी! त्या दिवशी भरदुपारी काऊन बोलावलं? मी ओ देल्ली, तं म्हने हालू नको, तिथीच थांब. मी बापडी खांबापाशी उभी. पुढं काहीच नाई."

वामनराव दुपारी कधी सेटला हात लावत नसत. दुपारी ते झोपत, आणि घोरत, हे कमलाबाई कोणालाही सांगायला तयार होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं ताटाकडं.

रात्रभर वामनरावांनी हिशोब जुळवला. पोरीचा वार चुकला असेल. संध्याकाळची हाक तिला दुपारची वाटली असेल. कोणीतरी टवाळ नक्कल करत असेल, पण मग तिचा आवाज कुठून आणेल? माणूस यंत्रात आयुष्य घालवतो तेव्हा त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडायची सवय होते, आणि नाही सापडलं तर तो सापडल्यासारखं करतो. वामनरावांनी तेच केलं. पहाटे रश्मी गाडीनं परत गेली तेव्हा ते तिला सांगणार होते की बाळा, आवाज नुसता ऐकून विश्वास ठेवू नको. बोलले नाहीत. पोरीला उगाच कशाला भ्यायला लावा?

४

पाऊस लागला तो असा की सुरजागडच्या खाणीकडचे ट्रकसुद्धा जागच्या जागी उभे राहिले. नदी रस्त्यावर चढली. टॉवर गेला. एटापल्लीत टिनांवर इतका मार चालला होता की घरात ओरडून बोलावं लागत होतं.

दिवेलागणीला वामनराव कान सेटला लावून बसले. "अजून कोणी राह्यलं का?"

"मी राह्यली न, बाबा. इथी सगळं ठीक आहे."

कमलाबाईंनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या.

दुसऱ्या संध्याकाळीही ती आली. तिचं बोलणं संपल्यावर सेटमध्ये क्षणभर फर्रर्र झालं, जसं कोणी फार लांबून बटन दाबावं, आणि त्यात अर्धा शब्द. लोकेशचा आवाज लगेच आला, "भाऊ, मांगून कोनतरी बोलून राह्यलं. लय बारीक येते, मावळतीच्या अंगानं वाटते. रश्मीचं बोलनं चालू असलं का दबून जाते."

वामनराव म्हणाले, केबलच्या जोडात पाणी गेलं असेल. लोकेश म्हणाला, कड्या फिरवून पाहू. वामनराव चिडले. रश्मी ठणठणीत बोलते आहे आणि ह्याला कड्या फिरवायच्या आहेत! फिरवल्या आणि तिचा आवाज गेला तर?

त्याच रात्री तहसीलमधून माणूस विचारायला आला. बोट एकच होती. मुरेकशाच्या बाजूला पाठवायची की खालच्या गावांना, हे ठरत नव्हतं. उपकेंद्रातल्या बाईंची काही खबर?

"माझी पोरगी आहे ती," वामनराव म्हणाले. "आत्ताच बोललो. गाव कोरडं आहे. बोट दुसरीकडं न्या."

बापाचा शब्द. त्यावर कोण शंका घेणार? बोट खालच्या गावांना गेली.

तिसऱ्या संध्याकाळी कमलाबाई म्हणाल्या, मले द्या. बटन कसं दाबायचं ते त्यांना रश्मीनंच शिकवलं होतं. त्यांनी विचारलं, काय जेवली, झोप झाली का, बुधरी कशी आहे. सेटमधला आवाज म्हणाला, "इथी सगळं ठीक आहे, आई. जेवले का?"

कमलाबाईंनी सेट खाली ठेवला. वरती टिनं बडवली जात होती. त्या बराच वेळ छपराकडं बघत राहिल्या.

"अहो, दवाखान्यालेही टिनंच आहेत न?"

"हाव."

"मंग तिच्यामागं पाऊस काऊन नाई वाजत?"

५

सकाळी उघडीप मिळाली. वामनराव नाला टाळून वरच्या अंगाच्या वाटेनं, पत्रूच्या गावाकडून टेकडी चढले. वय विसरून चढले. पत्रू मागून भाऊ, दमानं, दमानं म्हणत होता.

वरून मुरेकसा दिसायचं. आता तिथं पाणी होतं. मातकट, सपाट, हलणारं पाणी, आणि त्यातून वर आलेलं उपकेंद्राच्या छपराचं एक टोक. पलीकडच्या उंचवट्यावर ताडपत्र्या आणि धूर दिसत होता. गाव केव्हाच तिकडं सरकलं होतं. ओसरी नव्हती. खांब नव्हता.

वामनरावांनी कमरेचा सेट काढला. बटन दाबायचं धाडस होईना. त्यांनी दाबलंही नव्हतं, आणि आवाज आला.

"जेवले का बाबा?"

पत्रू दोन पावलं मागं सरला. तोंडातल्या तोंडात आपल्या बोलीत काहीतरी म्हणाला आणि बॅटरीच्या खोलीच्या दारात जाऊन पाठमोरा उभा राहिला. वामनरावांनी सेट कानाशी नेला. आता कुठलंच कारण जुळत नव्हतं, आणि जुळत नव्हतं तरी तो आवाज त्यांच्या पोरीचाच होता. शेंबडी होती तेव्हापासूनचा. त्या आवाजासाठी त्यांनी घर सोडलं होतं.

मग त्यांनी पाना घेतला. बोटं सोलवटली. एकेक कडी मावळतीकडं वळवली, उताराकडं, जिथं वस्ती नाही, जिथून बोलणार कोण असं त्यांना वाटलं होतं. शेवटची कडी फिरली तसा सेटमधला स्वच्छ आवाज एकदम बंद झाला.

"रश्मी," ते म्हणाले. "रश्मी, बाळा, बोल."

बराच वेळ काही नाही. मग कोणीतरी बटन दाबलं. शब्द नव्हता. नुसतं पाणी वाहत होतं, जवळून, अगदी कानाशी. मग बटन सुटलं.

६

ती नाल्यात सापडली, संध्याकाळच्या आत. खालच्या दगडांत अडकली होती. हातातला सेट पट्ट्यासकट मनगटाला गुंडाळलेला.

बुधरी जिवंत होती. वरच्या कपारीत, पोटाशी लेकरू घेऊन. नदी चढायला लागली तेव्हा तिला कळा सुरू झाल्या होत्या. रश्मीनं तिला आणि तिचा नवरा पोचू याला घेऊन टेकडीच्या खांद्यावरून इकडं, एटापल्लीकडं वाट धरली होती. बापाकडंच यायला निघाली होती पोरगी. मध्ये नाला आडवा आला. पोचू मदत आणायला पोहत पलीकडं गेला आणि भलतीकडंच वाहत जाऊन कुठल्यातरी गावात लागला. रश्मीनं कपारीत बुधरीचं बाळंतपण केलं, नाळ कापली, स्वतःची ओढणी गुंडाळून लेकरू आईच्या हातात दिलं.

हे सगळं बुधरीनं सरकारी दवाखान्याच्या खाटेवर पडून सांगितलं. वामनराव पायथ्याशी उभे होते. कमलाबाईंनी लेकरू मांडीवर घेतलं होतं.

"बाई लय बोलल्या सेटवर," बुधरी म्हणाली. "कपारीत लागत नव्हता. मंग खाली गेल्या, पान्याजवळच्या दगडावर. तिथी लागला."

"लागला?" वामनराव म्हणाले. "कोन बोललं तिच्याशी?"

बुधरीला प्रश्नच कळला नाही. तिनं कमलाबाईंकडं पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडं.

"तुमीच बोलले न, भाऊ."

खोलीत कोणाची तरी सलाईनची नळी थेंबथेंब चालली होती.

"मी वरून ऐकत होती. बाई म्हने, बाबा, पानी वाढून राह्यलं, मी वर जाऊ का? तुमी म्हनले, हालू नको, तिथीच थांब. आवाज मस्त येऊन राह्यला. बाई म्हने, गुडघ्याले लागलं. तुमी म्हनले, तिथीच थांब, येतोच." तिनं डोळे पुसले. "मी हाका मारल्या, बाई वर या. तं त्या म्हने, बाबांनी थांबाले सांगतलं."

वामनरावांना म्हणायचं होतं, तो मी नव्हे. पण ते वाक्य तोंडाशी येऊन थांबलं. कोण मानणार? आणि शब्द तर त्यांचेच होते. रोज संध्याकाळी त्यांनीच तिला ते शिकवले होते.

त्यांनी कमलाबाईंकडं पाहिलं. त्या लेकराच्या डोक्यावरची ओढणी सारखी करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, त्यानंतर कधीच नीट वर केली नाही.

७

पाऊस सरल्यावर लोकेश घरी आला. रिपीटर बंद करू नका, म्हणाला. दुसऱ्यांच्या पोरी आहेत जंगलात. कड्या मात्र आता चार दिशांना लावू. "मी आधीच म्हनलो होतो" हे तो एकदाही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं वामनरावांना वाटलं.

कड्या आपणच फिरवणार, असं सांगून ते वर गेले. पत्रू पायथ्यापर्यंत आला आणि तिथंच बसला. वर यायला तो आता राजी नव्हता.

काम व्हायला दिवस कलला. एक कडी मुरेकशाकडं, एक नाल्याकडं, उरलेल्या दोन उरलेल्या दिशांना. जसं पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं अगदी तसं. ते खोलीत येऊन बॅटरीशेजारच्या पेटीवर टेकले. खाली गावांत दिवे लागत होते. रश्मी सापडली त्या दिवसापासून हजेरी कोणी घेतली नव्हती.

कमरेच्या सेटमधून आवाज आला. नावं घेत होता. पत्रू. लोकेश. कोणी ओ देत नव्हतं तरी नावामागून नाव, सावकाश, थोडं खाकरत. वामनरावांना ते खाकरणं ओळखीचं होतं.

"अजून कोणी राह्यलं का?" त्यांचाच आवाज म्हणाला.

मग खरखर झाली. लांबून, नाल्याच्या अंगानं. आणि ह्या वेळी तिच्यामागं पाणी वाजत होतं, पाऊस वाजत होता, वरून कोणीतरी बाई, बाई म्हणून हाका मारत होतं.

"मी राह्यली न, बाबा. पानी वाढून राह्यलं. वर जाऊ का?"

वामनरावांनी दोन्ही हातांनी सेट पकडून बटन दाबलं. ते ओरडले. वर जा बाळा, वर चढ, कपारीत जा, माझं ऐकू नको, तो मी नाही, वर चढ. घसा फाटेपर्यंत ओरडले. पण त्यांच्या हातात इवलासा सेट होता, आणि दोघं एकदम बोलले की दांडगा तेवढाच पुढं जातो. हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं.

बटन सोडलं तेव्हा दुसऱ्या आवाजाचं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं, मायेनं सांगितलेलं.

"...आवाज मस्त येऊन राह्यला."

"हाव बाबा," रश्मी म्हणाली. "नाई हालत."